घरकुलांचा आकडा कोण ठरविणार?

बागलाण तालुक्यातील एखाद्या गावाला येत्या पाच वर्षांत किती घरे लागतील, हे त्या गावालाच विचारले पाहिजे. शासनयंत्रणेला हे अद्याप पटलेले नाही. उद्दिष्ट दिल्लीत ठरते, मुंबईमार्गे नाशिकला उतरते, सटाण्याच्या पंचायत समितीत त्याची वाटणी होते आणि ग्रामसभेपुढे यादी तेवढी वाचली जाते. 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायती आराखडे करतात. घरांच्या बाबतीत त्यातील 'आमचा' हा शब्द शोभेपुरता उरतो.

२०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने ग्रामीण भागासाठी २ कोटी ९५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले. २०२२ ची मुदत २०२४ पर्यंत वाढली, पुढे आणखी २ कोटींची भर पडली. घरे झालीच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मूळ यादी २०११ च्या पाहणीवरून निघाली आणि त्यात सुटलेल्यांना २०१८ च्या फेरपाहणीची वाट पाहावी लागली. एका चुलीवर तीन संसार चालत असतील तर कागदावर कुटुंब एकच. दुचाकी असणे २०२४ पर्यंत अपात्रतेचे कारण होते. कांद्याच्या खळ्यावर रोजंदारीला जाणाऱ्या मजुराची जुनी मोटारसायकल ही म्हणे श्रीमंतीची खूण!

याहून मोठा अडथळा जागेचा आहे. सपाट प्रदेशात घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यातून भिंती आणि छप्पर उभे करायचे, पायाखालची जमीन भूमिहीनाने स्वतः आणायची! जागाखरेदीसाठी राज्याने २०१५ मध्ये ५० हजारांपर्यंत साहाय्य देऊ केले. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायती मुलखात गावालगतची जमीन त्या पैशात कोण विकणार? भूमिहीनांना घरासाठी जागा हे १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातलेही कलम होते. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. म्हणजे कायदा आहे, अधिकारही आहे. उद्दिष्टात मात्र जागेचा रकाना नाही. घर उभे राहिले नाही की दोष लाभार्थ्याच्या नावावर.

सटाण्याच्या देवमामलेदारांची यात्रा दरवर्षी भरते. दुष्काळात सरकारी खजिना रयतेला वाटून देणाऱ्या अधिकाऱ्याची ती आठवण आहे. त्या मामलेदाराने आधी उपाशी माणसे पाहिली, हिशेब नंतर.

पश्चिम बागलाणातील अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकलेली आहे. तेथून आरंभ करता येईल. कार्यकर्त्यांनी मजूर कुटुंबे कामासाठी गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत बसून मोजणी करावी: घर नसलेले किती, घर असून जागा स्वतःच्या नावावर नसलेले किती, एका छपराखाली संसार किती. हा आकडा ठरावासह आराखड्यात नोंदवावा आणि त्याच ठरावात गावठाणवाढीची मागणी गट क्रमांकासह करावी. पंचायत समितीतून येणारे उद्दिष्ट या आकड्यापेक्षा कमी असेल, तर ती तफावत ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय यादीला संमती देऊ नये.