समजून घ्या : अकोल्यात जैववैद्यकीय संशोधन केंद्र उभे राहू शकते का?

आधीचे उदाहरण काय? आयआयटी मुंबईने रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करण्याची पद्धत विकसित केली. टाटा मेमोरियलने तिच्या चाचण्या रुग्णांवर घेतल्या. त्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवरील पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

अकोल्यात अडचण कुठे? रुग्ण आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुवैद्यक संस्थाही आहे. पण पहिले नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न, दुसरी नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, तर शहरातील विज्ञान महाविद्यालये अमरावती विद्यापीठाकडे.

मग काय हवे? इमारतीआधी तिन्ही विद्यापीठांचा करार, सामायिक प्रयोगशाळा आणि डॉक्टरांना संशोधनासाठी राखीव वेळ. तोवर जठारपेठेतल्या रुग्णाला अशा उपचारासाठी मोठ्या शहराचीच वाट धरावी लागेल.