खण चालतो, मग हे का चालत नाही?

यंदाच्या गणेशोत्सवाचा हिशेब झाल्यावर आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतले. आवाज खाली, नजर चपलांकडे. म्हणाले, "सर, राग मानू नका. श्रावणात तुमच्या घरी म्हणे बायकांच्या आतल्या कपड्यांचा सेल लागला होता?"

"सेल नव्हता. विक्री होती," मी म्हणालो.

"तेच हो ते! हेडमास्तरांच्या घरी! नालछ्यासारख्या लहान गावात! उद्या मुलांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहणार?"

आणि मग मुख्य मुद्दा आला. कोजागरीच्या कार्यक्रमाची धुरा अकरा वर्षे आमच्या सौ.कडे आहे. यंदा 'वहिनींनी जरा विश्रांती घ्यावी' असे काही जणांचे मत पडले होते. हे 'काही जण' कोण, ते मी विचारले नाही. धारहून नालछ्याला परतताना बसमध्ये मात्र ठरवले की, या गोष्टीचे उत्तर व्हरांड्यात कुजबुजून द्यायचे नाही. म्हणून हा लेख. संपादकांनी तो छापला, तर त्यांच्या धैर्याचे कौतुक. ज्यांना हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर नको असेल, त्यांनी पान उलटावे.

आधी जे घडले ते सांगतो, कारण मंडळात त्याला बरीच शिंगे फुटली आहेत. सौ.ची एक मावसबहीण इंदूरला घरूनच हा व्यवसाय करते. घाऊक माल आणते आणि ओळखीच्या घरी नेऊन विकते. श्रावणातल्या एका रविवारी ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आली. सौ.ने बारा जणींना बोलावले होते. थोड्या आपल्या मराठी घरांतल्या, बाकीच्या माळवी-हिंदी बोलणाऱ्या शेजारणी. जेवण झाल्यावर सौ. मला म्हणाली, "अहो, चार तास शाळेत जाऊन बसा." रविवारी शाळेत जाऊन बसणारा मुख्याध्यापक गावाने प्रथमच पाहिला असेल. मी प्रयोगवह्या तपासल्या. सहाला परत आलो तेव्हा पोह्यांचे पातेले रिकामे होते, अंगणात बायकांचे हसणे चालू होते आणि माझ्या आरामखुर्चीवर एक शिवणाची मोजपट्टी पडली होती. या समारंभात माझा सहभाग एवढाच.

रात्री सौ.ने जे सांगितले त्याने मी गप्प झालो. मापे घेतली तेव्हा बहुतेकींनी आजवर चुकीचे माप वापरल्याचे निघाले. मोजणे अवघड नाही. आठवीच्या भूमितीहून सोपे आहे. आकडा येतो तो छातीच्या खालच्या घेरावरून. घेर आणि छातीचे पूर्ण माप यांतल्या फरकावरून अक्षर ठरते: एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, असे पुढे. पण हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आईने लाजेने सांगितले नाही, दुकानदाराला विचारण्याची सोय नाही. एका बाईच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ कायमचे उमटले आहेत. ती म्हणाली, "मुझे लगा, सबको ऐसा ही होता है."

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, हे फॅड पाश्चात्त्यांचे आहे. अर्धे खरे आहे. घरी मैत्रिणी जमवून माल विकण्याची पद्धत अमेरिकेत टपरवेअरच्या डब्यांनी गाजवली. ती उभी करणाऱ्या ब्राउनी वाइज या बाईंचे चित्र १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर आले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. इंग्लंडात १९८१ साली जॅकलिन गोल्ड यांनी ॲन समर्सतर्फे अंतर्वस्त्रांच्या अशाच घरगुती बैठका सुरू केल्या आणि तिथे पुरुषांना मज्जाव ठेवला. टपरवेअर १९९६ साली आपल्या देशात आले. त्या डब्यांच्या बैठकांना आपल्याही घरांतल्या बायका गेल्या, आणि तेव्हा संस्कृती बुडाल्याचे मी तरी ऐकले नाही. म्हणजे आक्षेप पद्धतीला नाही. डब्याऐवजी जे विकले गेले, त्याला आहे.

आणि पद्धत तरी खरोखर परकी आहे काय? माझ्या लहानपणी कासार घरी येत असे. माजघरात बायका रांगेने बसत, आणि तो परका पुरुष एकेकीचा हात हातात घेऊन, बोटे दाबून बांगडी चढवी. आजी उलट त्याला गूळपाणी देई. साडीवाला ओटीवर गठ्ठा सोडून बसे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई आणि त्या घासाघिशीत दुपार सरे. बायकांनी घरात जमून, हाताळून, एकमेकींना विचारून खरेदी करायची, ही आपलीच जुनी रीत आहे. दुकानाची पायरी नंतर आली.

त्याहून मोठी गोष्ट खणाची. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड आजही खणासाठी प्रसिद्ध आहे. हळदीकुंकवाला सवाष्णीची ओटी आपण खणा-नारळाने भरतो. देवीलाही खण वाहतो. खण म्हणजे काय हो? चोळीचे कापड. छाती झाकण्याचे वस्त्र. ते चारचौघांत, तबकात घालून, कुंकू लावून दिले जाते आणि कुणाच्याही भुवया उंचावत नाहीत. तेच शिवून, माप घेऊन, आतून घालायचे झाले की, एकदम अब्रूचा प्रश्न! हे कोडे माझ्या एम.ए.च्या शिक्षणाला उलगडत नाही.

शब्दाचीही तीच गत. या वस्तूला आपल्या घरांत सरळ शब्द नाही. माझी आई 'बॉडी' म्हणे, सौ. 'आतले' म्हणते, शेजारीण 'अंदर का' म्हणते, कोशात 'अंतर्वस्त्र' सापडते आणि ते कोणीच म्हणत नाही. पुरुषाच्या बनियनला मात्र मराठीत, हिंदीत आणि माळवीत निःसंकोच जागा आहे. बनियन तारेवर उन्हात वाळतो, आखाड्यातला लंगोट मारुतीच्या साक्षीने दोरीवर वाळतो, आणि बायकांचे कपडे टॉवेलखाली, परकराच्या आड, ओलसर अंधारात. पावसाळ्यात मग खाज, चट्टे, बुरशी. त्याचे औषध पुन्हा लाजत, नाव न सांगता आणायचे. ऊन फुकट आहे. आपण तेही अर्ध्या घराला मिळू देत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकाच्या घराचा. नालछ्याला गृहस्थांना उपदेश करण्याची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी याच गावी, तेव्हाच्या नलकच्छपुरात राहून, श्रावकाने कसे वागावे यावर ग्रंथरचना केली. तेव्हा माझ्यासारख्या गृहस्थाला चार शब्द ऐकवले, तर माझी तक्रार नाही. पण त्याच तोंडाने आपण आणखी एक गोष्ट करतो. इथून जवळच मांडू आहे. आम्ही मुलामुलींची सहल जहाज महालात नेतो. वाटाड्या अभिमानाने सांगतो की, सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या पदरी पंधरा हजार बायका होत्या. मुले टाळ्या वाजवतात, मास्तर मान डोलावतात. पंधरा हजार बायका एका पुरुषाच्या असल्या की, तो इतिहास. आणि बारा बायका आपल्या मर्जीने, आपल्या पैशाने एका खोलीत बसल्या की, तो अनाचार!

बाईने छातीवर काय घालावे, हे दुसऱ्यानेच ठरवण्याची सवय आपल्याकडे पुरानी आहे. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचीच बंदी होती. त्यासाठी त्या कित्येक वर्षे झगडल्या, मार खाल्ला. १८५९ साली महाराजांनी परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखे वस्त्र घेऊ नये या अटीवर. २०१३ साली मुंबई महापालिकेने उलट टोक गाठले. दुकानांबाहेरच्या, अंतर्वस्त्रे घातलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्या हटवाव्यात, असा ठराव संमत केला. बायकांवरील अत्याचार म्हणे त्यांच्यामुळे वाढतात. ठराव मांडणारी एक नगरसेविका होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. लाजेची चौकीदारी फक्त पुरुषच करतात असे नाही. आणि शरीराविषयी सरळ मराठीत लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरला. आज कर्व्यांचे नाव आपण व्याख्यानमालेत घेतो. घरात घेत नाही.

तिसरा आक्षेप जरा समंजस आहे: "बाजार आहे ना? नाहीतर मोबाईलवर मागवा." बाजार पाहिलाय का कधी या दृष्टीने? आमच्या हाटात हे कपडे बांबूला टांगून वाऱ्यावर फडफडत असतात. विकणारा पुरुष. पाड्यांवरून आलेल्या भिल्ल बायका लांबून बोट दाखवतात, किंमत विचारतात, माप न पाहताच गुंडाळून घेतात. त्याबद्दल मंडळाचा आजवर एकही ठराव नाही. पक्क्या दुकानात गल्ल्यावर ओळखीचा मनुष्य असतो. त्याचा मुलगा माझ्या शाळेत. त्याच्यासमोर माझ्या सौ.ने आकडा आणि अक्षर उच्चारायचे, आणि त्याने नजरेने ते पडताळून पाहायचे! मोबाईलचे म्हणाल, तर अनेक घरांत पैसे नवऱ्याच्या खात्यातून जातात, ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि पार्सल सासरा सही करून घेतो. माप चुकले तर परत पाठवायला पुन्हा तीच वरात.

या बैठकांत सगळे निर्मळ असते, असेही मी म्हणत नाही. मैत्रिणीच्या घरी चहा-पोहे खाल्ले की, भीड पडते. नको असलेली वस्तू घेतली जाते. यजमानिणीला विक्रीवर भेट मिळते, म्हणजे मैत्रीची दलाली. आमच्याकडेही मावसबहिणीने सौ.ला एक गाऊन देऊ केला. सौ.ने तो घेतला नाही आणि बारा जणींना आधीच बजावले होते, "पाहा, मापं घ्या, काही न घेता गेलात तरी चालेल." तिघी काही न घेता गेल्या. ज्यांना या पद्धतीवर टीका करायची आहे, त्यांनी या भिडेवर करावी. मी त्यांच्या बाजूने लिहीन. पण त्याबद्दल व्हरांड्यात कोणी बोलले नाही.

आता माझे स्वतःचे पाप सांगतो. त्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे नववीत एक मुलगी आठशे मीटर धावत असे. शेवटच्या फेरीत ती मुलांनाही मागे टाकी. सातवी-आठवीत ती तालुक्याला पहिली आली. नववीच्या पावसाळ्यानंतर तिने मैदानावर येणे सोडले. पोटात दुखते, पाय मुरगळला, आईने काम सांगितले, अशी रोज नवी सबब. क्रीडाशिक्षिका बाई एके दिवशी माझ्या खोलीत आल्या. दार अर्धे लोटून म्हणाल्या, "सर, तिला धावायला योग्य आतले कपडे नाहीत. मुले कुंपणापाशी उभी राहून हसतात. खेळाच्या निधीतून चार-सहा मुलींसाठी आणू का?"

मी काय म्हणालो, ते मला शब्दशः आठवते. "बाई, हे मी खर्चाच्या कोणत्या सदरात दाखवू?"

त्या वर्षी त्या निधीतून व्हॉलीबॉलचे जाळे आले, शिट्ट्या आल्या, कबड्डीच्या मुलांसाठी गुडघ्याच्या पट्ट्या आल्या. गुडघ्याला लाज नसते. कुंपणापाशी हसणाऱ्या पोरांपैकी एकालाही मी उभे केले नाही, कारण तसे करायचे तर ते का हसले, हे मला मोठ्याने उच्चारावे लागले असते. मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली नाही. दहावीनंतर तिने शाळा सोडली. ते याच कारणाने, असे मी म्हणणार नाही. घरची इतर कारणे होती. पण आठशे मीटर तिने सोडले ते माझ्या एका प्रश्नामुळे, हे मला ठाऊक आहे.

पुढे कधीतरी वाचनात आले की, खेळाडू स्त्रियांचे हे खास वस्त्र १९७७ साली अमेरिकेत व्हर्माँटमध्ये तीन बायकांनी तयार केले. पहिला नमुना कसा शिवला? पुरुष खेळाडू वापरतात ते लंगोटासारखे दोन आधारपट्टे एकमेकांना जोडून! पुरुषांसाठी ती सोय केव्हाचीच होती. कुठल्या तरी सदरात तिचा खर्चही बसत असणार.

श्रावणातल्या त्या रात्री मी सौ.ला ही हकिगत प्रथमच सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता आहात ना हेडमास्तर? मग आता करा."

तर मंडळाला कळवायचे ते असे. कोजागरीला सौ.ने विश्रांती घेतली, दूध घरीच आटवले. श्रावणात आलेल्या बारा जणींपैकी नऊ जणी चंद्र पाहायला आमच्या गच्चीवर होत्या. त्यांत तुमच्या सभासदांच्या घरच्याही होत्या. नावे विचारू नका. पुढची बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आमच्याच घरी आहे. मी शाळेत वह्या तपासत असेन. मावसबहिणीला या खेपेस मुलींच्या मापाचे, धावण्यासाठीचे दहा नग जास्त आणायला सांगितले आहे. मापे आमच्या क्रीडाशिक्षिका घेणार आहेत. पावती शाळेच्या नावाने होईल. सदर मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे: क्रीडा साहित्य. लेखापरीक्षकांनी विचारले, तर त्यांनी माझ्या खोलीत यावे. दार उघडे ठेवूनच बोलू.