गाठीचा टप्पा पुरेसा नाही

मूत्रपिंडाच्या कर्करोगात गाठीचा आकार आणि टप्पा नोंदवून थांबणे आता समर्थनीय नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेल्झुटिफान या गोळीला अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये वाढीव मान्यता दिली; ही गोळी घडली ती व्हीएचएल जनुकाच्या बिघाडाचा माग काढूनच. पण रोगाचा फैलाव त्या एकाच बिघाडाने ठरत नाही. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील मिथाइलच्या खुणा पुसल्या गेल्या की सीएक्ससीआर४सारखी मिटलेली जनुके जागी होतात आणि पेशी दूरच्या अवयवांत मुक्काम ठोकतात.

हिस्टोनवरील युबिक्विटिन ही वेगळी खूण काढणारे बीएपी१ हे प्रथिन निकामी झाले, तरीही रोग अधिक आक्रमक होतो. पाठपुरावा मात्र सहसा टप्प्यावरूनच ठरतो; धोक्यातला रुग्ण त्यात निसटतो. बीएपी१ची तपासणी शस्त्रक्रियेनंतर जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यातूनच, रंगवलेल्या काचपट्टीवर होते. देशातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे असलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ती क्लिअर सेल प्रकारच्या प्रत्येक गाठीसाठी बंधनकारक करावी आणि तिचा खर्च सरकारी योजनांनी उचलावा.