मुलांच्या राक्षसास हाकलू नका

‘ए मॉन्स्टर कॉल्स’ (२०१६) या चित्रपटात आई दुर्धर रोगाने खंगत असता मुलाकडे वृक्षरूपी राक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी, म्हणजे मुलाने मनात दडविलेले सत्य, त्याच्याच तोंडून वदवितो. असले भेसूर चित्र मुलांस दाखवू नये, असे आमचे सुशिक्षित पालक म्हणतील. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. घरी मृत्यू घडताच मुलास शेजारी धाडावयाचे आणि ‘आई देवाघरी गेली’ एवढ्यावर त्याची बोळवण करावयाची, ही दया नव्हे, मोठ्यांचा भित्रेपणा होय!

डहाणूकडील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे मातृछत्र बालपणीच हरपले. त्या आघाताने ते अबोल झाले आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले. २०११ साली ते पद्मश्री झाले. पण धुळीतील त्या पहिल्या रेषांनी पोरक्या मुलास वाचा दिली, हे त्याहून थोर. त्याच मुलखात वारली लोक वाघाला ‘वाघोबा’ म्हणून लाकडात कोरून पूजतात. भयाला आकार दिला म्हणजे त्याच्याशी बोलता येते. शोकाकुल मुलाचा राक्षस तरी दुसरे काय करतो? पालकहो, मुलाजवळ बसा आणि त्या राक्षसाची गोष्ट ऐका.