सडा पाहावा तो पावसात!

शेतकरी बंधूंनो, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावर मोठा प्रकल्प यायचा झाला की आधी पर्यावरण अहवाल होतो. २००६ च्या अधिसूचनेखालील या अहवालांसाठी पाहणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामात करतात. आता मे महिन्यात सड्यावर काय दिसणार? काळा कातळ! दुर्मीळ दिपकाडी फुलते जून-जुलैत. मग तिचा कांदा मातीत दडून राहतो. बेडूकही पावसातच ओरडतात. भातपिकाची पाहणी कुणी मे महिन्यात करील का? एकदा सुरुंग लागला की हे पुन्हा उगवायचं नाही. तेव्हा जनसुनावणीला जरूर जा आणि एवढंच विचारा, “साहेब, पावसात सडा फिरलात का?” गुराख्याला जे ठाऊक, ते अहवालात यायलाच हवं.