'वैमानिकाची चूक' : एका सोयीच्या निकालाची चिकित्सा

१/ विमान उतरताना अपघात झाला की संध्याकाळपर्यंत लोकांचा निकाल लागलेला असतो. एका गटाच्या मते वैमानिक चुकला, दुसऱ्याच्या मते घातपात झाला. दोन्ही उत्तरे सारखीच सोयीची आहेत. कारण ती मान्य केली की धावपट्टीकडे, हवामानाच्या नोंदीकडे आणि परवानगीच्या कागदाकडे कोणालाच पाहावे लागत नाही. इतिहास मात्र या दोन्ही उत्तरांच्या विरोधात साक्ष देतो.

२/ १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून कराचीचे टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता, जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात ते मैदान निरुपयोगी होई, म्हणून त्या काळात टपालसेवेचा तळ पुण्याला हलवला जाई. साधने तुटपुंजी होती, पण जमीन नकार देते तेव्हा तो नकार ऐकायचा, हे शहाणपण होते.

३/ आता अहिल्यानगर जिल्हा. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. धावपट्टी २५०० मीटरची. २१ मे २०१८ रोजी मुंबईहून आलेले एटीआर विमान उतरताना धावपट्टीपुढे गेले. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेल्या बोइंगचेही तेच झाले. दोन्ही वेळा प्रवासी बचावले.

४/ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची उड्डाणे थांबवावी लागली. डोळ्यांनी पाहून उतरायचे तर साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावे लागते. हिवाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात धुके पडते, हे कोपरगावच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. नियोजनाला ते ठाऊक नसावे? रात्रीची प्रवासी उड्डाणे तर २०२५ साली सुरू झाली. फीत आधी कापली गेली, दिवे नंतर लागले.

५/ उतरणे इतके नाजूक का? विमान सुमारे ३ अंशांच्या उतारावरून खाली येते. धावपट्टी एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर दूर असताना उंची उरते जेमतेम ३०० फूट. मागून वारा असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो, आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त, तर अंतर सुमारे २१ टक्के जास्त.

६/ लहान विमानाचा धोका आणखी वेगळा. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी शेवटचे वळण घेताना ते ४५ अंश कलले, तर ज्या वेगाखाली पंख उचल धरत नाहीत तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. शिवाय मोठ्या विमानांना सुसज्ज विमानतळ मिळतात. लहान विमाने जातात ती बहुधा सर्वांत कमी साधनांच्या धावपट्टीवर.

७/ कोणी म्हणेल, साधने असूनही अपघात होतातच. खरे आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईसारख्या सुसज्ज विमानतळावर ८ जणांना घेऊन आलेले लिअरजेट मुसळधार पावसात उतरताना घसरून मोडले. दृश्यमानता ७०० मीटर होती. सर्वजण वाचले. म्हणजे यंत्रांइतकीच 'आज उतरायचे नाही' असे म्हणण्याची मोकळीकही हवी. उतरणे सोडून पुन्हा वर जाणाऱ्या वैमानिकाला उशिराबद्दल बोल लावणारा प्रवासी किंवा मालक त्या साखळीतली एक कडीच असतो.

८/ घातपाताच्या कथांचे काय? २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. होमी भाभा यांचे 'कांचनजंगा' हे बोइंग जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँवर आदळले. ११७ जण गेले. चौकशीत आढळले ते असे : दिशादर्शक ग्राहकयंत्रांपैकी एक बंद, नियंत्रकाचा संदेश पुरेसा नेमका नाही आणि शिखर मागे पडले असा वैमानिकाचा गैरसमज. तीन साध्या उणिवा एका क्षणी जुळल्या. आजही कारस्थान शेकडो वेळा सांगितले जाते. बंद पडलेल्या यंत्राचा उल्लेख क्वचितच होतो.

९/ अपघातचौकशीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे परिशिष्ट १३ मध्ये, चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा सांगितला आहे. दोष वाटून देणे हा नव्हे. वैमानिक चुकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण 'वैमानिकाची चूक' हे चौकशीतले पहिले वाक्य असावे, शेवटचे नव्हे. ती चूक जीवघेणी ठरण्याइतकी जागा कोणी मोकळी ठेवली, हा पुढचा प्रश्न आहे.

१०/ 'सर्व सोयींची वाट पाहिली तर छोट्या गावांना विमान मिळणारच नाही', हा आक्षेप ऐकू येतो. १९३२ च्या टपालसेवेने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिने सेवा बंद केली नाही, जमीन बदलली. नव्वद वर्षांनंतर रडार आणि उपग्रह हाताशी असताना तेवढा विवेक मागणे ही विकासाला आडकाठी नव्हे. विमानतळाचा खरा वर्धापनदिन फीत कापल्याचा नसतो; धुक्याच्या सकाळीही जिथे विमान सुखरूप उतरते, किंवा सुखरूप परत फिरते, तो असतो.