काचा फुटल्या रात्री, झडती सकाळी

पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीबाहेर मागच्या पावसाळ्यात एकाच रात्री तीन गाड्यांच्या काचा फुटल्या. एकीतून लॅपटॉपची बॅग गेली, दुसरीतून पर्स. तिसरीत घेण्यासारखं काही नव्हतं, तिची नुसतीच काच गेली. दोन स्कूटरच्या डिक्क्याही उचकटल्या. हप्ते भरून घेतलेल्या गाड्या, राग येणारच.

पण दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली : घरकामाच्या बायकांच्या पिशव्या जाताना तपासल्या जातील, भंगार-कचरा वेचणाऱ्या बायकांना प्रवेश बंद. चोरी झाली रात्रीतून, घरकामाच्या बायका येतात सकाळी सातला. हा साधा हिशेब कमिटीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना जमला नाही, की जमवायचाच नव्हता?

चौथ्या दिवशी एका मावशींनी पिशवी उघडायला नकार दिला. आत काय होतं? उरलेली भाजी आणि नातीसाठी कुणी दिलेला जुना फ्रॉक. “दिलेलं दाखवायची लाज नाही ताई, पण चोर म्हणून का दाखवू?” असं त्या मला म्हणाल्या. त्यांची चारही घरांची कामं गेली. त्यांच्याविरुद्ध ना तक्रार, ना चौकशी. ‘उद्यापासून येऊ नका’, एवढंच.

स्त्रीची अंगझडती स्त्रीनंच, सभ्यता राखून घ्यावी, असं बंधन कायद्यानं पोलिसांवरसुद्धा घातलेलं आहे. इथे मात्र गेटवरचा वॉचमन बायकांच्या पिशव्यांत हात घालतो. (तोही बारा तासांच्या ड्यूटीला जुंपलेला, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.)

संशयाची ही सवय जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा देशभरातून १९५२ साली गेला, पण पारधी बाईकडे बघण्याची नजर गेली का? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या कचरावेचक बायकांना ओळखपत्र एवढं मोलाचं वाटलं, त्याचं एक कारण हेच, की रस्त्यावर कुणीही उठून ‘चोर’ म्हणत असे.

मग चोऱ्या थांबवायच्याच नाहीत का? जरूर थांबवायच्या. गाडी फोडणारा बहुधा संधी बघतो : सीटवर दिसणारी बॅग, डिक्कीत ठेवलेली पर्स, अंधारा कोपरा. तेव्हा गाडीत काही ठेवू नये, स्कूटरचं हँडल लॉक करावं, रात्री फेरी मारायला दुसरा माणूस ठेवून त्याला पुरता पगार द्यावा. छोटी चोरीही पोलिसांत नोंदवावी. नोंदच नसेल तर गस्त कशाच्या जोरावर मागणार?

आणि दिवे. त्या भिंतीलगतचे रस्त्यावरचे दिवे कित्येक महिने बंद होते. क्लासहून परतणाऱ्या मुली तिथून जीव मुठीत धरून यायच्या. सोसायटीतल्याच काही बायकांनी दोनदा अर्ज दिला, तेव्हा मुलींनी लवकर घरी यावं असा सल्ला कमिटीकडून मिळाला. गाड्या फुटल्यावर त्याच कमिटीनं पालिकेत खेटे घातले आणि आठ दिवसांत दिवे लागले!

त्या बायकांना मी विचारलं, आता पाटीविरुद्धही अर्ज द्याल का? दोघी तयार झाल्या. एक म्हणाली, “आमच्या घरातही कामाला बाई आहे, जरा विचार करते.” दिवे रोज लागतात. पाटी अजून गेटवर आहे, आणि मावशी दोन बस बदलून दुसरीकडे कामाला जातात.